नंबर एकच्या शेजारी नंबर तीन

आर्तिगोस गावच्या रग्बी क्लबात सामना संपला की दोन्ही संघ एकाच लांब टेबलावर जेवत, आणि त्या टेबलावर हुकूम चालायचा तो नोएली लाकूमचा. क्लबाचे अध्यक्ष असोत, प्रशिक्षक असोत, नाहीतर दुपारी सामना जिंकून देणारा गावाचा लाडका गडी असो, नोएली बोट दाखवील त्या खुर्चीवर गुमान बसायचं. "इथे बसू का?" असं विचारलेलं तिला आवडत नसे, आणि न विचारता बसलेलं तर मुळीच खपत नसे.

नियम एकच होता. एक आपला, एक पाहुण्यांचा, असं एकाआड एक बसायचं, आणि दुपारभर ज्याच्याशी झटापट केली तोच संध्याकाळी शेजारी. ओठ फाटलेला असो की डोळा सुजून बंद झालेला असो, शेजाऱ्याला पाव मोडून द्यायचा आणि त्याचा ग्लास आधी भरायचा. हे काही नोएलीने शोधून काढलेलं नव्हतं. आदूर नदीच्या दोन्ही काठांवर पूर्वीपासून असंच चालत आलं होतं. नोएलीने ते पाळलं, आणि तिच्यासारखं दुसऱ्या कुणी पाळलं नाही, एवढंच.

आता गंमत अशी, की लग्न होऊन ती वरच्या डोंगरातल्या गावाहून इथे आली तेव्हा तिला रग्बीतलं ओ की ठो कळत नव्हतं. नवरा फिर्मां खाटीक होता. क्लबाच्या जेवणाला मांस त्याच्या दुकानातून जायचं, आणि मांसाच्या मागोमाग एक दिवस बायकोही स्वयंपाकघरात गेली. पहिल्याच रविवारी तिने आपल्या अकलेने माणसं बसवली. पाठीवर नंबर असतातच, मग एक नंबरशेजारी एक, दोनशेजारी दोन! सगळं टेबल चिडीचूप. कुणाला कुणाशी बोलायला काही सुचेना. शेवटी आर्तिगोसच्या म्हाताऱ्या एक नंबरने चमचा खाली ठेवला.

"पोरी, ह्या गृहस्थांचं तोंड मी आत्ता पहिल्यांदाच बघतोय. माझं डोकं दुपारभर कुठे होतं माहितीये? त्या तिकडच्या तीन नंबरच्या बैलाच्या बगलेत. त्याला आण इकडे. त्याचं नि माझं बोलणं अर्धवट राहिलंय."

सगळे खो खो हसले. नोएलीचा चेहरा लालेलाल झाला. रात्री फिर्मांने तिला जेवणाच्या टेबलावर मिरपुडीच्या नि मिठाच्या बरण्या मांडून समजावून दिलं. स्क्रममध्ये दोन्हीकडचे आठ-आठ गडी एकमेकांत डोकी खुपसून रेटतात. पहिल्या रांगेच्या दोन कडांना दोन खांब असतात, डावा खांब एक नंबरचा, उजवा तीन नंबरचा. आपला डावा भिडतो तो त्यांच्या उजव्याला. म्हणजे एक नंबरचं लग्न लागतं ते तीन नंबरशी. ही चूक तिने पुन्हा कधी केली नाही, आणि दुसऱ्या कुणी केली तर त्याची खैर नसे.

जेवायला गार्ब्यूर. कोबी, पांढरे घेवडे, बदकाचे पाय आणि हॅमचं हाड असं सकाळपासून रटरटत ठेवलेलं दाट सूप. पळी उभी राहिली नाही तर नोएली ते परत चुलीवर चढवायची. ताटलीच्या तळाशी दोन घोट उरले की त्यात लाल वाइन ओतायची, ताटली गरगर फिरवायची, दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावायची. याला शाब्रो म्हणतात. शाब्रो एकट्याने करायचा नाही. शेजाऱ्याने तुझ्या ताटलीत वाइन ओतायची, तू त्याच्या. तोवर भांडा काय भांडायचं ते. शाब्रो झाला की सामना खऱ्या अर्थाने संपला.

आणि भांडायचे तर काय भांडायचे! खांब मंडळी तर ठरलेलीच.

"स्क्रम तू पाडलास."

"मी? लेका, तू माझी बाही ओढून ओढून फाडलीस, ही बघ!"

"तुझं वजनच तुला पेलत नाही, त्याला मी काय करू?"

स्क्रम मुद्दाम खाली पाडणं हा गुन्हा, कारण त्यात माना मोडतात. पण त्या काळोखात कुणाचा हात कुठे होता हे पंचाला काय दिसणार? ते ठाऊक फक्त त्या दोघांना. नोएलीने इतक्या वर्षांत त्या टेबलावर चोर पाहिले, लबाड पाहिले, दुसऱ्याच्या बायकोबरोबर पळून गेलेले पाहिले, पण "हो, मी पाडला" म्हणणारा खांब पाहिला नाही. हे वाक्य ती स्वतः हसत हसत सांगायची.

तिचा एकुलता एक मुलगा रेजिस या टेबलाखालीच रांगला. बुटांमधून, चिखलाच्या ढेपांमधून. मोठा झाला तो डावा खांब होऊन. तोवर रग्बीत पगार आले होते. गवंडी, शिक्षक, पोस्टमन ही मंडळी हळूहळू मैदानावरून उठून कठड्याबाहेर उभी राहिली आणि आत आली ती नुसतं रग्बी खेळणारी पोरं. रेजिसलाही पगार होता. फिर्मां गिऱ्हाइकाला मांस तोलून देताना कारण नसताना ते सांगायचा. रविवारचे सामने शनिवारी गेले, पण टेबल होतं तिथेच राहिलं.

नदीपलीकडच्या सोबियाकचा उजवा खांब होता लिओनेल काझोबाँ. बदकं पाळणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा. अंगाने दाराएवढा आणि बोलायला लाजाळू. त्या वर्षी शहरातल्या एका मोठ्या क्लबाची त्याच्यावर नजर होती. वसंतात सही व्हायची, एवढंच बाकी होतं. रेजिसची आणि त्याची गाठ वर्षातून दोनदा पडायची. टेबलावर तो रेजिसशेजारी बसून खाली मान घालून तीन ताटल्या सूप प्यायचा, म्हणून नोएलीला तो आवडायचा.

फेब्रुवारीतला तो सामना. आर्तिगोस जेमतेम पुढे, वेळ संपत आलेली, आणि स्क्रम आर्तिगोसच्याच शेवटच्या रेषेपाशी. सोबियाकवाले रेटत आत घुसले की खेळ खलास. नोएली स्वयंपाकघरात होती. ती सामना कधीच बघत नसे, ऐकत असे. आरडाओरडा वाढत वाढत गेला आणि मग एकदम थांबला. गुण मिळाल्यावर, पंचाने शिट्टी मारल्यावर किंवा कुणाचं नाक फुटल्यावर लोक कसे ओरडतात ते तिला पाठ होतं. ही शांतता तिने कधी ऐकली नव्हती. हातातली पळी तशीच हातात राहिली.

फिर्मां दारात आला. तोंडावर रक्ताचा थेंब नाही.

"रेजिस. मान. शुद्धीवर आहे, बोलतोय. रुग्णवाहिका आलीये."

"मी येते."

"एकालाच घेतायत. मी जातो. पोचलो की फोन करतो." आणि तो धावत गेलासुद्धा.

स्क्रम कोसळला होता. सगळे उठले, रेजिस उठला नाही. त्याच्यावर लिओनेल पडलेला होता. पंच पलीकडच्या अंगाला उभा होता. त्याने जे दिसलं ते पाहिलं आणि लिओनेलला लाल कार्ड दाखवलं. गावाने पंचाच्याही आधी निकाल दिला होता.

अध्यक्ष हलक्या पावलांनी स्वयंपाकघरात आले. "नोएली, आज राहू दे. पाहुण्यांना मी तसंच पाठवतो. सगळे समजून घेतील."

"सूप झालंय," नोएली म्हणाली.

तिला दुसरं काही सुचतच नव्हतं. घरी जाऊन फोनकडे बघत बसायचं, की इथे उभं राहून पाव कापायचा? तिने पाव कापला.

पाहुणे आले ते ओल्या केसांनी, चोरासारखे. सगळ्यांत शेवटी लिओनेल. तो उंबऱ्याशीच थांबला. बारजवळून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "याला इथे पाय ठेवायची लाज कशी वाटत नाही?" लिओनेलने ते ऐकलं. तो नोएलीकडेच बघत होता.

"मावशी, मला तुम्हाला एक..."

"तीन नंबरची खुर्ची तुला माहितीये. बैस."

तो बसला. शेजारची एक नंबरची खुर्ची रिकामी. नोएली पळीने वाढत वाढत आली, आणि सवयीने त्या रिकाम्या खुर्चीपुढची ताटलीही तिने काठोकाठ भरली. भरल्यावर तिच्या लक्षात आलं. सगळं टेबल तिच्याकडे बघत होतं. ती ताटली उचलून परत नेणं तिला जमेना. तिने पळी अध्यक्षांच्या हातात दिली, एप्रन सोडला आणि ती मुलाच्या खुर्चीत बसली. इतक्या वर्षांत त्या टेबलावर ती पहिल्यांदा बसत होती.

"खा," ती लिओनेलला म्हणाली.

तो खाईना. मग तिने स्वतः एक घास खाल्ला. मग त्याने खाल्ला. त्याच्या डोळ्यांतून पाणी नाकावरून ओघळत सूपात पडत होतं आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. तळाशी थोडं उरल्यावर तिने त्याच्या ताटलीत वाइन ओतली, आणि आपली ताटली पुढे सरकवून वाट बघत राहिली. त्याने तिच्या ताटलीत ओतली.

"कसं झालं रे?" तिने विचारलं.

लिओनेलने ताटली तोंडाला लावून रिकामी केली. मग म्हणाला, "माझी चूक, मावशी."

रेजिस वाचला. मान सावरली, पण डावा हात खांद्यापासून लुळा पडला तो पडलाच. पुढे त्याने चौकात तंबाखू आणि वर्तमानपत्रांचं दुकान टाकलं, लग्न केलं, एका हाताने सगळं करायला शिकला. लिओनेलवर उरलेल्या मोसमाची बंदी आली. शहरातल्या क्लबाने दुसराच उजवा खांब घेतला, आणि अशा संधी काही दारावर रांग लावून येत नाहीत. तो बापाच्या बदकांकडे परतला आणि तिथेच राहिला.

पण दरवर्षी सोबियाकचा संघ आर्तिगोसला आला की त्याच्या मागोमाग लिओनेलचा टेंपो यायचा. सोलून साफ केलेली बदकं नोएलीच्या हवाली करायची आणि तीन नंबरच्या खुर्चीवर जाऊन बसायचं. एक नंबरवर रेजिस. जे तेव्हा खेळत होते ते खरे एक आणि तीन नंबर बिचारे शेजारी स्टूल ओढून बसत. यावर कुणी कधी हरकत घेतली नाही.

आणि दरवर्षी नोएली ती गोष्ट सांगायची.

आता खरं सांगायचं तर, गोष्ट सांगायला ती आतुरच असायची. नवीन पोरं आली की तिच्या डोळ्यांत चमक यायची. "त्या दिवशी मी तीस जणांचं सूप केलं होतं," अशी सुरुवात ठरलेली. मग रुग्णवाहिका, मग उंबरा, मग रिकामी खुर्ची. दरवर्षी तिच्या गोष्टीतलं सूप जरा जास्त गरम होत गेलं, लिओनेल जरा जास्त रडत गेला, आणि शेवटी ती पळी टेबलावर आपटून म्हणायची, "ज्याने माझ्या मुलाचा हात नेला त्याला मी माझ्या हाताने वाढलं. याला रग्बी म्हणतात, पोरांनो. बाकी सगळं नुसती धक्काबुक्की." पोरं टाळ्या वाजवायची. लिओनेल मान खाली घालून पाव कुस्करत बसायचा. रेजिस मात्र गोष्ट सुरू झाली की सिगारेट घेऊन बाहेर जायचा. त्याला ती आठवण सोसत नाही, असं नोएली धरून चालली होती, आणि मनातून तिला त्याचंही जरा बरंच वाटायचं. गोष्टीला त्याने वजन यायचं.

फिर्मां गेला. खाटकाच्या दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान आलं. क्लबही बदलला, आणि त्यात कुणाची चूक म्हणायची? खेळाडूंना काय खायचं ते तोलूनमापून डब्यात यायला लागलं. सामन्यानंतर बर्फाच्या पाण्यात बसायचं, मग डबा, मग बस. पाहुणे कधी यायचे, कधी दारातूनच "आजी, पुढच्या वेळी नक्की" म्हणून हात हलवायचे. कधी टेबलावर आठच जण, तेही कानाला फोन लावून. नोएली तरी तेवढंच पातेलं चढवायची. उरलेलं सूप मैदानाच्या माळ्याच्या घरी जायचं.

मग नवं केंद्र बांधायचं ठरलं, गावाबाहेर. जुनी इमारत जाणार, टेबलासकट. व्यवस्थापक व्हालादिए तरुण होता, पण माणूस सरळ. तो स्वतः नोएलीच्या घरी सांगायला आला आणि तिच्यापुढे शाळकरी मुलासारखा उभा राहिला.

"शेवटचा घरचा सामना सोबियाकशी आहे, आजी. मी त्यांच्याशी बोललोय. बस तासभर थांबवतायत. दोन्ही संघ बसतील. नंबरानुसार. मी शब्द देतो."

"एकशेजारी तीन," नोएली म्हणाली.

"एकशेजारी तीन. तेवढं मला कळतं हो."

नोएली त्या वेळी ऐंशीच्या पुढे होती. टेबल जाणार याचं दुःख तिने कधीच गिळून टाकलं होतं. टेबल म्हणजे शेवटी लाकूड, ते काही बरोबर नेता येत नाही. एकच गोष्ट तिला मागे ठेवून जायची होती, ती म्हणजे ती गोष्ट. या नव्या पोरांपैकी एकाच्या जरी डोक्यात ती राहिली, तर आपलं इथलं आयुष्य फुकट गेलं नाही असं तिला वाटत होतं. आदल्या दिवसापासून ती सूपाला लागली.

त्या शनिवारी आर्तिगोस हरलं. पण टेबल भरलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, खांद्याला खांदा लागून, आणि खिडक्यांच्या काचा वाफेने धुरकट झाल्या. नोएली दारात उभी राहून नुसती बघत होती. तिला फिर्मांची इतकी आठवण आली की तिने दाराची चौकट धरली.

आर्तिगोसचा डावा खांब आता जॉर्जियातून आलेला लेवान होता. त्याची भाषा मोडकीतोडकी, पण भूक पक्की. त्याच्याशेजारी सोबियाकचा तिमोते, दाढी नीट न फुटलेला. त्यांच्या पलीकडे आपापल्या जुन्या खुर्च्यांवर रेजिस आणि लिओनेल, दोघांचेही केस पांढरे.

"दुसरा स्क्रम तू पाडलास," तिमोते म्हणाला.

"मी? मी नाही. तू पाय घसरला."

"घसरला? अरे, तू माझं कोपर धरून लोंबकळत होतास!"

"तू जड. मी काय करणार?"

ते ऐकून नोएलीचा जीव सुपाएवढा झाला. जुनं गाणं कानावर पडावं तसं तिला झालं. ती पळी घेऊन त्यांच्या मागे येऊन उभी राहिली.

"भांडा, भांडा. खांबाने कधी कबूल केलंय का? पण आता जरा इकडे कान करा. हे फोन ठेवा बाजूला. तुम्हाला एक सांगायचंय. त्या दिवशी मी तीस जणांचं सूप केलं होतं..."

लेवानने फोन खिशात घातला. आजूबाजूचे गप्प झाले. नोएलीने इतकी छान गोष्ट कधीच सांगितली नसेल. ती शांतता, तो फिर्मांचा चेहरा, उंबऱ्यावरचा लिओनेल. ती सांगता सांगता एकीकडे बघत होती, आता रेजिस उठेल आणि बाहेर जाईल. रेजिस उठला. पण तो बाहेर गेला नाही. खुर्चीची पाठ उजव्या हाताने धरून तो उभा राहिला.

"आई, पुरे."

"थांब रे, शेवट राहिलाय. तर ज्याने माझ्या मुलाचा हात नेला..."

"त्याने नाही नेला." रेजिस म्हणाला. "तो स्क्रम त्याने नाही पाडला. मी पाडला."

"रेजिस, खाली बस," लिओनेल हळूच म्हणाला.

"नाही. ही आज शेवटचं सांगतीये. ही पोरं हे असंच घेऊन जाणार आणि जन्मभर सांगत राहणार." तो आईकडे वळला. "आम्ही मागे रेटले जात होतो, आई. आणखी एक पाऊल आणि ते आत आले असते. मी याची बाही धरली आणि सगळं वजन टाकून खाली ओढलं. डाव्या हाताने. याच हाताने. हा पडला तो मी ओढलं म्हणून पडला."

नोएलीच्या हातातल्या पळीतून थेंब थेंब जमिनीवर पडत होते. तिने लिओनेलकडे पाहिलं.

"खरं?"

"मावशी, सूप निवतंय."

"मी विचारतेय ते खरं का?"

लिओनेलने पावाचा तुकडा खाली ठेवला. "खरं."

"मग तू त्या दिवशी मला का नाही सांगितलंस? तुझा मोसम गेला, तुझा शहरातला क्लब गेला. बारमध्ये तुला लोक काय काय बोलले. मी... मी दरवर्षी इथे, तुझ्यासमोर..."

"सांगायलाच आलो होतो," लिओनेल म्हणाला. "उंबऱ्यावर तोंडसुद्धा उघडलं होतं. तुम्ही म्हणालात, बैस. आणि मग तुम्ही त्याच्या खुर्चीत येऊन बसलात."

एवढंच बोलून तो पुन्हा पाव कुस्करायला लागला.

नोएलीला शरम वाटली. अशी शरम तिला त्या पहिल्या रविवारीही वाटली नव्हती, जेव्हा सगळं टेबल तिला हसलं होतं. इतकी वर्षं आपण याला वाढतो असं ती समजत होती. मोठ्या मनाची बाई म्हणून टाळ्या घेत होती, आणि हा बदकवाला दरवर्षी नदी ओलांडून येऊन तिच्या टाळ्या मान खाली घालून ऐकून घेत होता. वाढणारा तो होता, जेवत होती ती. आणि हा आपला मुलगा! तिला त्याचा संताप आला, आणि त्याच्या लोंबत्या हाताकडे नजर गेल्यावर संतापाचं काय करावं तेही कळेना.

"आणि तू रे? इतकी वर्षं बाहेर जाऊन सिगारेटी फुंकत होतास?"

"पहिल्या वर्षी सांगणार होतो," रेजिस म्हणाला. "हाच नको म्हणाला. आणि मग... तू इतकी छान सांगायचीस, आई."

बाहेर सोबियाकच्या बसने भोंगा वाजवला. तिमोतेने दाराकडे पाहिलं, पण तो उठला नाही. मग कुणीच उठलं नाही. व्हालादिए बाहेर जाऊन चालकाला काहीतरी सांगून आला.

नोएलीने एप्रन सोडला. पळी रेजिसच्या उजव्या हातात दिली.

"तू वाढ. तुझी खुर्ची मला दे."

रेजिस बाजूला झाला. ती लिओनेलशेजारी बसली. मुलाने एका हाताने, सांडत सांडत, तिची ताटली भरली. त्याला मदत करायला कुणी पुढे आलं नाही, कारण तिने डोळ्यांनीच सगळ्यांना बजावलं होतं. ती जेवली. सावकाश, शेवटच्या घेवड्यापर्यंत. तळाशी दोन घोट उरल्यावर तिने बाटली उचलली नाही, ताटली लिओनेलपुढे सरकवली.

"आधी तू ओत."

त्याने वाइन ओतली. मग तिने त्याच्या ताटलीत ओतली. ताटली उचलताना तिची मनगटं लटपटली, तेव्हा लिओनेलने दुसरी कड धरली आणि ती पिऊन होईपर्यंत धरून ठेवली. तिने हाताच्या पाठीने तोंड पुसलं. डोळे पुसले नाहीत.

लेवान कधीपासून काहीतरी विचारायला बघत होता. त्याला शब्द सापडत नव्हते. शेवटी तो म्हणाला, "आजी. गोष्ट. शेवट काय?"

"शेवट नंतर," नोएली म्हणाली. "सुरुवातच चुकली होती. पुन्हा सांगते, नीट ऐका." मग तिने लिओनेलच्या मनगटावर हात ठेवला.

"त्या दिवशी सोबियाकचा एक खांब माझ्याकडे जेवायला आला होता."